तीन न्यूट्रॉनांचे अंतर आणि तारापूर

युरेनियमच्या प्रत्येक अणूच्या केंद्रात ९२ प्रोटॉन असतात. ही संख्या बदलली की ते युरेनियम राहत नाही. न्यूट्रॉनांची संख्या मात्र सगळीकडे सारखी नसते. खाणीतून काढलेल्या युरेनियमच्या हजार अणूंपैकी सुमारे ९९३ अणूंच्या केंद्रात १४६ न्यूट्रॉन असतात आणि उरलेल्या सात अणूंच्या केंद्रात १४३. पहिले युरेनियम-२३८, दुसरे युरेनियम-२३५. ही एकाच मूलद्रव्याची दोन समस्थानिके. दोघांचा रंग, चव, आम्लात विरघळण्याची रीत, ऑक्सिजनशी होणारा संयोग यांत रसायनशास्त्रज्ञाला फरक सापडत नाही. अणुभट्टीत मात्र दोघांची वाट पूर्ण वेगळी होते. मंद गतीचा न्यूट्रॉन लागताच २३५ फुटते आणि ऊर्जा देते. २३८ तो न्यूट्रॉन बहुधा गिळून टाकते आणि फुटत नाही.

या तीन न्यूट्रॉनांच्या अंतरावर तारापूरच्या अणुविद्युत केंद्राचा सगळा इतिहास उभा आहे. मुंबईच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर, बोईसर स्थानकाच्या पश्चिमेला समुद्रकिनाऱ्यावर हे केंद्र आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा वेगळा जिल्हा होईपर्यंत ते ठाणे जिल्ह्यात, पालघर तालुक्यात मोडत होते. केंद्रात चार अणुभट्ट्या आहेत. १९६९ पासूनच्या पहिल्या दोन समृद्ध (२३५ चे प्रमाण वाढवलेल्या) युरेनियमवर आणि साध्या पाण्यावर चालणाऱ्या, तर २००५ आणि २००६ साली सुरू झालेल्या पुढच्या दोन नैसर्गिक युरेनियमवर आणि जड पाण्यावर चालणाऱ्या. एका जोडीत युरेनियमची समस्थानिके निवडून घेतली आहेत, दुसऱ्या जोडीत हायड्रोजनची. समस्थानिकांच्या फरकावर मात करण्याचे हे दोन्ही मार्ग एकाच आवारात शेजारी-शेजारी पाहायला मिळणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. त्यामागे निम्म्या शतकाचे राजकारण आहे आणि त्या राजकारणाचे मूळ अणुकेंद्रात आहे.

समस्थानिकांची कल्पना १९१३ सालची. किरणोत्सारी पदार्थांच्या ऱ्हासातून निघणारे इतके ‘नवे’ पदार्थ तोपर्यंत नोंदले गेले होते की आवर्त सारणीत त्यांना बसवायला जागा उरली नव्हती. शिवाय त्यांतले काही पदार्थ एकमेकांत मिसळले की कोणत्याही रासायनिक युक्तीने वेगळे होत नसत. ग्लासगो येथे काम करणाऱ्या फ्रेडरिक सॉडी यांनी त्यांना सारणीतल्या एकाच घरात ठेवले: मूलद्रव्य एकच, अणुभार वेगवेगळे. त्याच सुमारास केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांना निऑन वायूत २० आणि २२ अशा दोन अणुभारांच्या खुणा दिसल्या. निऑन किरणोत्सारी नाही, त्यामुळे ही गोष्ट रेडियम-थोरियमपुरती नसून साध्या, स्थिर मूलद्रव्यांनाही लागू आहे हे स्पष्ट झाले. थॉमसन यांचे सहकारी फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी १९१९ साली वस्तुमान-वर्णपटमापक तयार केला आणि एकामागून एक मूलद्रव्याची समस्थानिके मोजायला सुरुवात केली. कारण कळायला मात्र १९३२ उजाडले. त्या वर्षी जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला. रासायनिक व्यवहार इलेक्ट्रॉन करतात, इलेक्ट्रॉनांची संख्या प्रोटॉनांच्या संख्येवर ठरते, आणि न्यूट्रॉनाला विद्युतभारच नसल्याने त्याची भर पडली तरी या हिशेबात काही बदलत नाही. वजन तेवढे वाढते.

वजनातला फरक सर्वांत ठळक दिसतो तो हायड्रोजनमध्ये. साध्या हायड्रोजनच्या केंद्रात फक्त एक प्रोटॉन. त्यात एक न्यूट्रॉन मिळाला की वजन थेट दुप्पट होते. हे जड हायड्रोजन, म्हणजे ड्यूटेरियम, हॅरल्ड यूरी यांनी १९३१ साली शोधले आणि १९३४ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. निसर्गातल्या सुमारे साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक अणू ड्यूटेरियमचा असतो. ड्यूटेरियमपासून बनलेले जड पाणी दिसायला साध्या पाण्यासारखेच असते, पण ते ३.८ अंश सेल्सिअसला गोठते, १०१.४ अंशांना उकळते आणि त्याचा एक लिटर सुमारे १.१ किलोग्रॅम भरतो. समस्थानिके रासायनिकदृष्ट्या सारखी असतात हा नियम इथे थोडा सैल पडतो. वजन दुप्पट झाल्याने अभिक्रियांचा वेग आणि समतोल मोजता येईल इतका बदलतो. जड पाण्याचे कारखाने याच सैलपणावर चालतात.

युरेनियममध्ये २३५ दडलेले आहे हे आर्थर डेम्पस्टर यांनी १९३५ साली दाखवले. तेव्हा ती एका अल्प प्रमाणातल्या समस्थानिकाची नोंद होती, एवढेच. डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिनला ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांना युरेनियमवर न्यूट्रॉन सोडल्यावर बेरियम सापडले. लीझ माइटनर आणि ओटो फ्रिश यांनी त्याचा अर्थ लावला: युरेनियमचे केंद्र दुभंगले होते. पुढच्याच वर्षी नील्स बोर यांनी सांगितले की मंद न्यूट्रॉनाने फुटणारे युरेनियम हे ते दुर्मीळ २३५ आहे, विपुल २३८ नव्हे.

असे का, याचे उत्तर न्यूट्रॉनांच्या सम-विषम संख्येत आहे. केंद्रातले न्यूट्रॉन जोडीजोडीने राहतात आणि जोडी जमली की जास्तीची ऊर्जा मोकळी होते. २३५ मध्ये १४३, म्हणजे विषम संख्येचे न्यूट्रॉन. बाहेरून आलेला न्यूट्रॉन त्या एकट्या न्यूट्रॉनाचा जोडीदार होतो आणि केंद्राला सुमारे ६.५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते. केंद्र दुभंगायला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा ती थोडी जास्त आहे. २३८ मध्ये १४६ न्यूट्रॉन आधीच जोडीने बसलेले असतात. तिथे आलेला न्यूट्रॉन एकटाच राहतो, केंद्राला सुमारे ४.८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात आणि ते दुभंगण्याच्या उंबरठ्याशीही पोचत नाही. वेगवान न्यूट्रॉन स्वतःची गतिज ऊर्जा घेऊन आला तरच २३८ फुटते, आणि तेही इतक्या कमी वेळा की त्यावर साखळी चालत नाही.

फुटलेल्या केंद्रातून दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात, पण ते वेगवान असतात. त्यांना मंद केल्याशिवाय विरळ विखुरलेल्या २३५ ला ते पुरेशा वेळा लागत नाहीत. मंद करण्याचे काम मंदायकाचे. कॅरमचा स्ट्रायकर तेवढ्याच वजनाच्या सोंगटीवर समोरासमोर बसला तर जागच्या जागी थांबतो, बोर्डाच्या कडेवर आपटला तर जवळजवळ त्याच वेगाने परत येतो. न्यूट्रॉनाचेही तसेच. त्याच्या वजनाच्या जवळपासचे केंद्र हवे, आणि हायड्रोजनचे केंद्र जवळपास न्यूट्रॉनाएवढेच वजनदार असते. साध्या पाण्यात सरासरी अठरा टकरीत न्यूट्रॉन पुरेसा मंद होतो. अडचण अशी की साधा हायड्रोजन काही न्यूट्रॉन गिळतोही, कारण न्यूट्रॉन घेऊन त्याचे ड्यूटेरियम होते. हजारात सातच अणू फुटणारे असताना ही गळती परवडत नाही आणि साखळी विझते. ड्यूटेरियमला सुमारे पंचवीस टकरी लागतात, पण त्याच्याजवळ एक न्यूट्रॉन आधीच असल्याने दुसरा घेण्याची त्याची ओढ साध्या हायड्रोजनच्या सहाशेव्या भागाहूनही कमी असते.

म्हणून पाणी वापरायचे तर वाटा दोनच उरतात. साधे पाणी वापरायचे असेल तर इंधनातले २३५ वाढवून दोन-तीन टक्क्यांवर न्यायचे. इंधन जसे निघाले तसे वापरायचे असेल तर पाणी बदलायचे. तिसरा मंदायक, शुद्ध ग्रॅफाइट, ब्रिटन आणि सोव्हिएत संघाने वापरला, पण भारताच्या वीजकेंद्रांच्या कथेत त्याला स्थान नाही.

दोन अब्ज वर्षांपूर्वी ही अडचण नव्हती. युरेनियम-२३५ चे अर्धायुष्य ७० कोटी वर्षे आणि २३८ चे सुमारे ४४७ कोटी वर्षे. म्हणजे मागे जावे तसे २३५ चे प्रमाण वाढत जाते. आफ्रिकेतल्या गॅबन देशातल्या ओक्लो खाणीच्या धातुकात २३५ किंचित कमी भरते, हे फ्रेंच शास्त्रज्ञांच्या १९७२ साली लक्षात आले. तिथे दोन अब्ज वर्षांपूर्वी भूजलाच्या साहाय्याने विखंडनाची साखळी आपोआप चालली होती. तेव्हा निसर्गात २३५ सुमारे तीन टक्के होते, तारापूरच्या पहिल्या भट्ट्यांच्या इंधनात असते त्याच्या जवळपास.

भारताने दोन्ही वाटांची चव मुंबईतल्या तुर्भ्याला घेतली होती. ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झालेली ‘अप्सरा’ ही भट्टी ब्रिटनकडून आलेल्या समृद्ध इंधनावर आणि साध्या पाण्याच्या तळ्यात चालली. १० जुलै १९६० रोजी सुरू झालेल्या ‘सायरस’मध्ये नैसर्गिक युरेनियम होते. तिची रचना कॅनडाची, जड पाणी अमेरिकेचे. पंजाबातल्या नांगल येथे भाक्राच्या विजेवर चालणारा छोटा जड पाणी कारखाना १९६२ साली सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला सुमारे १४ टन होती.

अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होमी भाभा यांचा कल पहिल्यापासून नैसर्गिक युरेनियमकडे होता आणि त्याला भक्कम कारण होते. देशात युरेनियम थोडे, थोरियम भरपूर. थोरियमपर्यंत पोचायचे तर आधी प्लुटोनियम हवे. ते २३८ ने न्यूट्रॉन गिळल्यावर तयार होते, आणि नैसर्गिक युरेनियमच्या भट्टीत ते चांगले मिळते. समृद्धीकरणाचा कारखाना भारताकडे नव्हता. समृद्ध इंधनावर चालणारे केंद्र उभारायचे म्हणजे त्याच्या आयुष्यभर दुसऱ्या देशाच्या दारात उभे राहायचे, हे भाभांना ठाऊक होते.

तरी पहिले वीजकेंद्र त्याच वाटेने गेले. अणुऊर्जा विभागाने १९६० साली जागतिक निविदा मागवल्या तेव्हा पश्चिम भारताची गरज तातडीची होती. कोळशाच्या मोठ्या खाणी बिहार-बंगालकडे, आणि मुंबई-अहमदाबाद पट्टा त्यांच्यापासून दूर. मुंबईबाहेर उद्योग सरकत होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि ठाण्याची वागळे इस्टेट, अंबरनाथ, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात कारखाने वाढू लागले. अमेरिकेच्या इंटरनॅशनल जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उकळत्या पाण्याच्या दोन भट्ट्या ठरलेल्या किमतीत तयार करून देण्याची तयारी दाखवली आणि अमेरिकी सरकारने आठ कोटी डॉलरचे सवलतीचे कर्ज देऊ केले. परकीय चलनाची टंचाई असलेल्या देशाला हा व्यवहार नाकारणे अवघड होते. अणुवीज व्यवहार्य आहे हे लवकर दाखवून देण्याची भाभांची घाईही त्यात होती. नैसर्गिक युरेनियमची वाट सोडलेली नव्हतीच. राजस्थानातल्या रावतभाट्याच्या केंद्रासाठी कॅनडाशी करार १९६३ सालीच झाला.

८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत-अमेरिका करारावर सह्या झाल्या. मुदत तीस वर्षांची. त्यातली मेख इंधनाच्या कलमात होती. तारापूरला लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिका पुरवेल आणि तारापूर फक्त अमेरिकेने पुरवलेल्या इंधनावरच चालेल. वापरलेल्या इंधनावर फेरप्रक्रिया करायची तर तिच्यावर तपासणी नीट राखता येईल असे दोन्ही देशांनी मिळून ठरवायचे होते. पुढचे सगळे वाद या कलमांतून निघाले.

बांधकाम १९६४ च्या ऑक्टोबरात सुरू झाले. भाभांना ते पूर्ण झालेले पाहता आले नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला. विक्रम साराभाई अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी १९६९ मध्ये दोन्ही भट्ट्यांत साखळी प्रक्रिया सुरू झाली, २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी वीजनिर्मितीला प्रारंभ झाला आणि १९ जानेवारी १९७० रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी केंद्र राष्ट्राला अर्पण केले. प्रत्येक भट्टीची क्षमता २१० मेगावॅट होती. दुय्यम वाफयंत्रणेतल्या नळ्यांच्या बिघाडांमुळे पुढे ती १६० मेगावॅटवर आणावी लागली. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात ही वीज वाटली जात असे.

या भट्ट्यांसाठी लागणारे २३५ वेगळे काढणे हे विसाव्या शतकातल्या सर्वांत कष्टाच्या औद्योगिक कामांपैकी एक होते. दोन समस्थानिकांना रसायन वेगळे करत नाही, म्हणून वजनाचा आधार घ्यावा लागतो, आणि तो फार अपुरा आहे. युरेनियमची फ्लोरिनशी संयुक्त झालेली वाफ घेतली तर एका प्रकारच्या रेणूचे वजन ३४९ एकक, दुसऱ्याचे ३५२. फरक एक टक्क्याहून कमी. अमेरिकी कारखान्यांत ही वाफ अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून शेकडो टप्प्यांत ढकलली जाई. हलका रेणू कणभर आधी पार होतो, या कणभराची पुनःपुन्हा बेरीज करून ०.७ चे दोन-तीन टक्के होतात. त्यासाठी लागणारी वीज आणि यंत्रसामग्री तेव्हा मोजक्याच देशांकडे होती. समृद्ध झालेली वाफ घन स्वरूपात हैदराबादच्या न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्सला येई. १९७० च्या दशकात तिथे तिचे ऑक्साइड, मग गोळ्या, आणि झिरकॅलॉय या मिश्रधातूच्या नळ्यांत भरून तारापूरसाठी इंधनसंच तयार होऊ लागले. धातुकाम, नळ्या, जोडणी हे सगळे भारतात होऊ लागले तरी समस्थानिकांचे प्रमाण अमेरिकेत ठरत होते.

१८ मे १९७४ रोजी पोखरणला अणुचाचणी झाली. तिच्यात तारापूरचा एकही अणू नव्हता. वापरलेले प्लुटोनियम ‘सायरस’मधले होते. नैसर्गिक युरेनियमच्या भट्टीत न फुटणारे २३८ न्यूट्रॉन घेऊन २३९ होते. सुमारे साडेतेवीस मिनिटांच्या अर्धायुष्याने त्याचे नेपच्युनियम-२३९ होते आणि त्याचे दोन-अडीच दिवसांच्या अर्धायुष्याने प्लुटोनियम-२३९. प्लुटोनियम हे वेगळेच मूलद्रव्य असल्याने युरेनियमपासून ते साध्या रासायनिक क्रियांनी वेगळे करता येते आणि ते २३५ सारखे फुटते. समृद्धीकरणाचा प्रचंड कारखाना नसलेल्या देशालाही विस्फोटक द्रव्य मिळू शकते, हे या रसायनामुळे जगाला उमगले. परिणाम मात्र समृद्ध इंधनावर चालणाऱ्या तारापूरला भोगावा लागला.

१९७८ च्या मार्चमध्ये अमेरिकेने अण्वस्त्र प्रसारविरोधी कायदा केला. ज्या देशाची सगळी अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत त्याला इंधन देता येणार नाही, अशी त्यात अट होती. तारापूर १९७१ च्या त्रिपक्षीय करारानुसार आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तपासणीखाली होतेच, पण तुर्भ्यातली भट्टी नव्हती. भारताची भूमिका होती की १९६३ च्या कराराने अमेरिका पुरवठ्याला बांधलेली आहे, नंतरच्या कायद्याने जुना करार मोडता येत नाही. अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष होमी सेठना यांनी ही बाजू लावून धरली. मे १९८० मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने इंधन पाठवायला नकार दिला, तर अध्यक्ष जिमी कार्टर यांनी तो निर्णय डावलून सुमारे ३८ टनांच्या पाठवणीला मान्यता दिली. सप्टेंबरमध्ये प्रतिनिधीगृहाने २९८ विरुद्ध ९८ मतांनी ती फेटाळली. सिनेटमध्ये ती फेटाळण्याचा ठराव ४६ विरुद्ध ४८ मतांनी पडला आणि पुरवठ्याची वाट थोडी खुली राहिली. पालघर तालुक्यातल्या दोन भट्ट्यांचे भवितव्य वॉशिंग्टनमधल्या दोन मतांवर लटकले होते.

१९८२ साली इंदिरा गांधी यांच्या अमेरिका दौऱ्यात तोडगा निघाला. करार कायम, पण इंधन अमेरिकेऐवजी फ्रान्स पुरवील. अकरा वर्षे त्यावर निभावले. १९९३ च्या ऑक्टोबरात तीस वर्षांची मुदत संपली आणि तोवर फ्रान्सनेही सर्व केंद्रांच्या तपासणीची अट स्वीकारली होती. मग तारापूरला दुसऱ्या समस्थानिकाचा आधार घेण्यात आला. केंद्राच्या शेजारीच भाभा अणुसंशोधन केंद्राच्या इंधनशाळेत प्लुटोनियम आणि युरेनियम यांच्या मिश्र ऑक्साइडचे संच तयार झाले आणि १९९० च्या दशकाच्या मध्यात त्यांतले काही पहिल्या भट्ट्यांत भरले गेले. २३५ ची जागा प्लुटोनियम-२३९ ने घ्यायची, ही कल्पना. सगळी भट्टी त्यावर चालवण्याची वेळ आली नाही, कारण १९९५ साली चीनने आणि २००१ साली रशियाने समृद्ध युरेनियम दिले. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला सूट दिली तेव्हा पुरवठ्याचा प्रश्न सुटला. या चौतीस वर्षांच्या ओढाताणीत तारापूरच्या अभियंत्यांनी दोन्ही भट्ट्या चालू ठेवल्या. एका तुटपुंज्या समस्थानिकाचा पुरवठा चार देशांच्या राजकारणातून मिळवत राहणे हे तंत्रज्ञानाइतकेच चिकाटीचे काम होते, आणि त्याची नोंद फारशी घेतली गेलेली नाही.

दरम्यान दुसरी वाट रुंदावत होती. १९७४ नंतर कॅनडाने हात काढून घेतला. रावतभाट्याची दुसरी भट्टी जड पाण्यासाठी अडली आणि सोव्हिएत संघाकडून ते घ्यावे लागले. तेव्हापासून जड पाण्यात स्वयंपूर्ण होणे हे उद्दिष्ट ठरले. बडोदा, तुतिकोरिन, कोटा, तालचेर, महाराष्ट्रात अलिबागजवळचे थळ, मग हाजिरा आणि मणुगुरू असे कारखाने उभे राहिले.

थळचा कारखाना १९८७ साली सुरू झाला. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या खत कारखान्याच्या अमोनियासाठी तयार होणाऱ्या वायूवर तो चालतो. त्या वायूतल्या हायड्रोजनमध्ये ड्यूटेरियम नैसर्गिक प्रमाणात असते. थंड द्रव अमोनियाशी उत्प्रेरकाच्या साहाय्याने तो वायू उंच मनोऱ्यांत खेळवला की ड्यूटेरियम वायू सोडून अमोनियाकडे जाणे पसंत करते. ड्यूटेरियम काढून घेतलेला वायू खत कारखान्याला परत जातो आणि त्याच्या अमोनियात काही उणे पडत नाही. टप्प्याटप्प्याने ड्यूटेरियमचे प्रमाण वाढवत शेवटी ९९.८ टक्के शुद्धतेचे जड पाणी मिळते. युरेनियमच्या दोन समस्थानिकांच्या वजनात सव्वा टक्क्याचा फरक, हायड्रोजनच्या दोघांत दुपटीचा. म्हणून युरेनियमला जे रसायनाने होत नाही ते हायड्रोजनला होते, आणि भारताला समृद्धीकरणाच्या कितीतरी आधी जड पाणी मोठ्या प्रमाणावर साधले. पुढे म्हैसूरजवळ रत्तेहळ्ळी येथे युरेनियमसाठी वेगाने फिरणाऱ्या केंद्रोत्सारी यंत्रांचा कारखानाही झाला, पण तारापूरची भूक भागवण्यासाठी तो नव्हता.

तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीचे बांधकाम २००० साली सुरू झाले. प्रकल्पासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या मच्छीमारी-शेतीवर जगणाऱ्या गावांना जागा सोडावी लागली. त्यांचे पुनर्वसन दीर्घकाळ वादाचा आणि न्यायालयीन लढ्याचा विषय राहिले. केंद्राचा इतिहास सांगताना या गावांना वगळणे अन्यायाचे होईल. चौथी भट्टी आधी पूर्ण झाली आणि सप्टेंबर २००५ मध्ये तिची वीज व्यापारी तत्त्वावर मिळू लागली. तिसरी ऑगस्ट २००६ मध्ये. प्रत्येकी ५४० मेगावॅट, तोवरच्या भारतीय भट्ट्यांत सर्वांत मोठ्या, आणि आराखड्यापासून भारतीय.

यांच्या पोटात आडवे ठेवलेले एक मोठे पिंप असते आणि त्यातून ३९२ नळ्या आरपार जातात. पिंपात जड पाणी मंदायक म्हणून, नळ्यांत नैसर्गिक युरेनियमच्या इंधनाचे गठ्ठे, आणि त्यांच्यावरून वाहणारे जड पाणीच उष्णता वाहून नेते. इंधनात २३५ मुळातच ०.७ टक्के असल्याने ते लवकर झिजते. त्यामुळे भट्टी बंद न करता रोज काही गठ्ठे एका टोकाने ढकलून दुसऱ्या टोकाने बाहेर काढावे लागतात. पहिल्या दोन भट्ट्या इंधन बदलण्यासाठी ठरावीक काळाने बंद कराव्या लागतात. महागडे जड पाणी झिरपू नये म्हणून झडपा, सांधे आणि हवेतली वाफदेखील गोळा करण्याची यंत्रणा असते. त्यात साधे पाणी थोडेसे मिसळले तरी न्यूट्रॉनांची गळती वाढते, म्हणून शुद्धता सतत मोजली जाते. आणि इथे हायड्रोजनचे तिसरे समस्थानिकही समोर येते. ड्यूटेरियम क्वचितच न्यूट्रॉन घेते, पण घेतला की त्याचे ट्रिटियम होते. ते किरणोत्सारी आहे, अर्धायुष्य १२.३ वर्षे, आणि पाण्याच्याच रूपात असल्याने श्वासावाटे व त्वचेतून शरीरात शिरू शकते. जड पाण्याच्या भट्टीतल्या कामगारांच्या लघवीची ट्रिटियमसाठी नियमित तपासणी त्यामुळेच होते.

आंतरराष्ट्रीय हिशेबातही दोन जोड्यांची वाट वेगळी आहे. पहिल्या दोन भट्ट्या परदेशी समृद्ध इंधनावर चालतात, म्हणून त्यांच्या प्रत्येक इंधनसंचाची मोजदाद आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक करतात. तिसरी आणि चौथी झारखंडच्या जादूगोडासारख्या देशी खाणींच्या युरेनियमवर आणि देशी जड पाण्यावर उभी राहिली. २००६ सालच्या नागरी-सामरिक विभागणीत भारताने त्यांना तपासणीच्या यादीबाहेर ठेवले.

पहिल्या दोन भट्ट्यांतून निघालेल्या इंधनाचा प्रश्न या सर्वांहून जुना आहे. तारापूरला फेरप्रक्रियेचा कारखाना १९७० च्या दशकात बांधला गेला तो मुख्यतः याच इंधनासाठी. पण १९६३ च्या करारात ठरलेली संयुक्त संमती अमेरिकेने दिली नाही आणि त्या कारखान्यात राजस्थानसारख्या जड पाण्याच्या भट्ट्यांचे इंधन हाताळले गेले. वापरलेल्या इंधनात २३५ एक टक्क्याच्या आसपास उरलेले असते. प्लुटोनियमचे प्रमाणही एक टक्क्याहून कमी असते, आणि ते एकजिनसी नसते. न्यूट्रॉन साठत गेल्याने २३९ सोबत २४० आणि २४१ ही समस्थानिकेही त्यात असतात. विखंडनातून आलेल्या राखेत सुमारे ३० वर्षे अर्धायुष्याची सीझियम-१३७ आणि स्ट्राँशियम-९० सर्वांत त्रासदायक. बाकी ९५ टक्क्यांहून अधिक भाग तोच, न फुटलेला युरेनियम-२३८. फेरप्रक्रिया झालेल्या इंधनातला कचरा तारापूरच्या प्रकल्पात काचेत गोठवून ठेवला जातो. पहिल्या दोन भट्ट्यांचे अमेरिकी युरेनियमचे संच मात्र पाण्याच्या टाक्यांत साठत गेले. भारत आणि अमेरिका यांच्यात फेरप्रक्रियेची नवी व्यवस्था ३० जुलै २०१० रोजी सहीनिशी ठरली. तिच्यात अमेरिकी इंधनासाठी तपासणीखालचे स्वतंत्र फेरप्रक्रिया केंद्र भारताने उभारावे अशी तरतूद आहे.